बंदच्या दिवसाचा धूर

रविवारी बेकरी बंद असे, आणि बेकरी बंद असली की घरातली तोंडं उघडत. सहा दिवस बोलायला कोणाला सवड नसायची. जे काही साचायचं ते सातव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, पीठ मळायच्या लांब टेबलाभोवती बाहेर पडायचं. दादांचे वडील, नाना, गेले त्या वर्षी वाटणी होता होता राहिली ती याच टेबलावर. दादांच्या मुलाचं, म्हणजे बॅरिस्टरचं, लग्नही इथंच ठरलं. आज भट्टीचा निकाल लागायचा होता, म्हणून दादांनी तळ्यावर गळ टाकून बसायचा आपला रविवारचा नेम मोडला होता आणि ते तोंड पाडून टेबलाच्या वरच्या टोकाला बसले होते.

टेबलाच्या मधोमध फुंकणी होती आणि फुंकणीखाली एक कागद. फुंकणी हे नाव दादांच्या बायकोनं, वहिनींनी ठेवलेलं. छातीच्या डॉक्टरांनी दादांना दिलेली ती प्लास्टिकची नळी. छातीभर श्वास घेऊन एका दमात फुंकर मारली की आतला लाल काटा सरकायचा आणि एका आकड्यावर थांबायचा. छाती मोकळी तर आकडा मोठा, छाती आवळलेली तर लहान. "आपल्या फुंकणीनं चूल पेटते, हिच्यानं माणूस पेटतो," असं वहिनी म्हणत, कारण आकडा कमी आला की दादा दिवसभर कोणाशी धड बोलत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंका, आकडा लिहून ठेवा, मग बघू हा खोकला भट्टीच्या धुराचा आहे की आणखी कशाचा. दादांनी डॉक्टरांकडून येताना, बेसावधपणे, मुलाला शब्द देऊन टाकला होता. कागदानं भट्टीवर बोट ठेवलं तर मी भट्टी विझवीन, मग तू तुझी विजेची आण.

आत्या टेबलाच्या खालच्या टोकाला बसून कागदी पिशव्या चिकटवत होती. दादांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नानांच्या हाताखाली भट्टी शिकली आणि आता बावन्नाव्या वर्षी गल्ला, पिशव्या आणि सगळ्यांची मर्जी सांभाळत होती. अंगाने काडी. तिला तो कागद वाचायची गरज नव्हती. त्यातले बरेच आकडे तिचेच होते, आणि हे तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

हा घोळ दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसता. या बेकरीत नानांच्या काळापासून भिंतीवर खडूने आकडे लिहायची पद्धत होती. ज्यानं ट्रे काढले त्यानं नुसता आकडा आणि वेळ लिहायची, नाव नाही. "माल घरचा, नाव कशाला?" असं नाना म्हणत. मग दादांनी आपल्या कागदावर तरी नाव कशाला लिहावं? फुंकायचं, आकडा लिहायचा, वेळ लिहायची, की झालं. पहिल्या दोन दिवसांत जाता-येता सगळ्यांनीच फुंकून पाहिलं, वहिनींनीसुद्धा. नंतर सगळ्यांची हौस फिटली. आत्याची फिटली नाही. तिला माळ्यावरच्या तिच्या खोलीचा जिना चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं होतं, आणि ते थांबणं तिला मोजून बघायचं होतं. सांगायचं मात्र कोणाला नव्हतं. एका आजारानं जेवढी शोभा झाली तेवढी पुष्कळ होती.

तो पहिला आजार म्हणजे साखर. चार महिन्यांपूर्वी सापडली. सून, म्हणजे बॅरिस्टरची बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आत्याच्या बोटाला सुई टोचून साखर बघायची. गुरुवारी ठीक असायची. सोमवारी चढलेली. एखाद्या सोमवारी नव्हे, दर सोमवारी. आता, शनिवारचा उरलेला गोड माल रविवारभर कपाटात असतो, आणि आत्या रविवारभर घरात असते. दोन अधिक दोन करायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. वहिनी मात्र अर्धं वाक्य बोलून उरलेलं भांड्यांवर आपटत. आत्यानं एकदा सांगून पाहिलं होतं की मी गोडाला शिवत नाही. त्यावर सगळ्यांनी इतक्या समजूतदारपणे माना हलवल्या की तिला रडू आलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची. चहा बिनसाखरेचा, पाव एकच, तोही कोरडा. मग साखर येते कुठून? झोपेत चालत जाऊन खातो की काय आपण, इथपर्यंत तिची मजल गेली होती.

"वाच गं," दादा सुनेला म्हणाले. "काय व्हायचं ते एकदाचं होऊ दे."

सुनेनं कागद ओढून घेतला. तिच्या हातात पेन्सिल होती. ती ओळीवरून पेन्सिल फिरवत गेली, थांबली, परत मागे गेली.

"विचित्रच आहे, बाबा. कामाच्या दिवशी दोनशे ऐंशी, तीनशे, तीनशे दहा. आणि रविवारी एकशे नव्वद. दोन्ही रविवारी. सगळ्यांत वाईट आकडे रविवारचे आहेत."

"रविवारी?" बॅरिस्टर म्हणाला. वकिलीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो विजेच्या मोटारी दुरुस्त करायचा. पण लहानपणापासून दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही म्हणून ते नाव पडलं होतं. "रविवारी कसे? रविवारी तर भट्टी बंद असते."

दादांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं.

"बंद असते," ते म्हणाले. "काय म्हणालास? जरा मोठ्यानं बोल. भट्टी बंद असते आणि माझी छाती बसते. भट्टी चालू असते आणि मी ठणठणीत असतो. अगं, ऐकलंस का? मी काय सांगत होतो वर्षभर? चाळीस वर्षं त्या तोंडापुढे उभा आहे मी. तो धूर माझ्या अंगी लागलेला आहे. मला बाधते ती बाहेरची हवा."

"चहा टाकते," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. विजेच्या भट्टीला त्यांचा विरोध नव्हता, पण सुनेच्या सांगण्यावरून ती यावी हे त्यांना जड जात होतं.

आत्यानं पिशवीच्या कडेला खळ लावली आणि बोट तिथंच ठेवून दिलं. आता बोलायला हवं होतं. दादा दुसऱ्याच्या आकड्यांवर उड्या मारत होते, आणि उद्या हाच कागद डॉक्टरांकडे जाणार होता. पण बोलायचं म्हणजे छातीचंही उघड करायचं. मग वहिनी म्हणणार, आता हेही का. खळ वाळायला लागली.

गोंधळ घातला तो दादांनीच. जिंकलेला माणूस जसा आपल्या विजयाकडे पुन्हा पुन्हा बघतो तसा त्यांनी कागद जवळ ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागले. हसू हळूहळू मावळलं.

"पण इथं वेळ पाचची आहे, आणि रविवारी पाच वाजता मी तळ्यावर असतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे घरी यायला मला सात वाजतात. आणि रविवारी मी नळीला हात लावत नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मग हे कोणी फुंकलं?"

बॅरिस्टरनं आईकडे पाहिलं. चहाला निघालेल्या वहिनींनी दारातूनच सुनेकडे. सुनेनं छताकडे पाहून रविवारी आपण पाच वाजता काय करत असतो ते आठवून बघितलं. एका क्षणात चार माणसं एकमेकांच्या छातीवर संशय घ्यायला लागली. वहिनींनी तर हळूच एक खोल श्वास घेऊन बघितला.

"माझे आहेत," आत्या म्हणाली.

"काय तुझे?"

"आकडे. रविवारचे. बाकीच्या दिवसांतलेही आहेत मधूनमधून. मी आपली बघत होते."

"अगं, हा माझा कागद," दादा म्हणाले. रागावून नव्हे, काही उमजेनासं झालं म्हणून. "माझ्या छातीचा. मग माझे कुठले? मी आजारी आहे की नाही?"

सुनेनं वेळा बघून दादांचे आकडे वेगळे काढायचा प्रयत्न केला. काही निघाले, काही निघेनात. एके दिवशी पाच आकडे होते, त्यांतला एक इतका मोठा की तो बॅरिस्टरचा असणार हे त्यानं लगेच कबूल केलं आणि थोडी छातीही फुगवली. शेवटी सुनेनं पेन्सिल खाली ठेवली.

"आत्या, एकशे नव्वद म्हणजे फार कमी हो. तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? जिना उंच आहे."

"रविवारी तुम्ही करता काय नेमकं?"

"काही नाही. सकाळी खालचं आवरते. मग वर जाऊन पडते. पुस्तक वाचते. खिडकी उघडी टाकते, जरा हवा यावी म्हणून."

"आणि धूर नसतो," बॅरिस्टर म्हणाला. "तेच तर मला कळत नाही. धूर नसताना..."

"असतो," आत्या म्हणाली.

तिला हे सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. इतकी वर्षं एका घरात राहून यांना माहीतच नाही? पण कसं असणार. विस्तव राखला जातो एवढंच दादांना ठाऊक, ते पहाटे तयार भट्टीपुढे येत, बॅरिस्टरनं भट्टीकडे कधी वळून पाहिलं नाही, आणि वहिनींचं राज्य दुकानाच्या पुढच्या बाजूला.

"भट्टी बंद नसते रविवारी. दडपलेली असते," ती म्हणाली. "पार गार पडू दिली तर विटा तडकतात. म्हणून निखाऱ्यांवर ओला भुसा टाकायचा, वरून राख, आणि धुराड्याची झडप बोटभर फट ठेवून बंद करायची. विस्तव आत धुमसत राहतो. सोमवारी पहाटे नुसतं उकरलं की पेटतो. नानांनी पेटवलेला विस्तव आहे तो, एकदाही विझलेला नाही. नाना गेल्यापासून मीच दडपते."

"ओला भुसा," सून म्हणाली.

"ओलाच लागतो. कोरडा भडकेल."

"आणि तो धूर कुठून जातो?"

"जातो की धुराड्यातून. जरा रेंगाळत जातो इतकंच. झडप बंद असते ना, वर चढायला जोर नसतो त्याला."

सून उठली. ट्रेवर घालायचा पांढरा कागद फाडून घेतला आणि जिन्यानं वर गेली. वर खिडकी आपटल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. ती खाली आली तेव्हा कागदावर बोटाएवढा राखाडी पट्टा होता. तिनं तो फुंकणीशेजारी ठेवला.

"खिडकीची चौकट," ती म्हणाली. "धुराड्याचं तोंड तिथून चार हात पण नाही."

"सकाळीच पुसली होती मी," आत्या म्हणाली. आपण घाणेरड्या राहतो असं कोणाला वाटू नये, एवढीच तिला त्या क्षणी काळजी होती.

मग सून बोलायला लागली. एरवी ती सासरी मोजून मापून बोलायची. आज ती लॅबमधल्यासारखी बोलली. "धुरातलं जे आपल्याला दिसतं ना, ते निम्मं नाकातच अडकतं. जे दिसत नाही ते वाईट. इतकं बारीक की छातीच्या तळाशी जातं आणि तिथंही थांबत नाही. रक्तात उतरतं. मग शरीराला वाटतं कोणीतरी घुसलंय, आतून सूज येते, सगळं बिथरतं. अशा वेळी इन्सुलिन असून नसल्यासारखं होतं. माणूस साखर खावो न खावो, रक्तातली साखर रक्तातच राहते. धुराचा आणि साखरेचा असा संबंध आहे म्हणतात. आमच्याकडे सरांनी एकदा समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरून गेले. घरात तेच चाललंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दर सोमवारी मीच सुई टोचत होते."

"म्हणजे वन्सं खात नाहीत?" वहिनींनी दारातूनच विचारलं. चहाचा ट्रे त्यांच्या हातात तसाच होता.

"तसं मी छातीठोक नाही सांगणार, आई. वय आहे, झोप आहे, घराण्यातही आहे. नाना आजोबांना होतीच ना साखर? पण रविवारी छाती बसते आणि सोमवारी साखर चढते, हे मला नुसतं योगायोगाचं वाटत नाही."

आत्याला काय वाटलं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. चार महिने ती जे ओरडून सांगू शकली नव्हती ते कोणीतरी टेबलावर मांडून दाखवत होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे तिचेच हात आले, भुसा भिजवणारे. बोटभर फट ठेवून ती झडप ढकलणारे. म्हणजे आपणच खाली धूर लावायचा आणि वर जाऊन खिडकी उघडून बसायचं? इतकी वर्षं?

"मग प्रश्नच मिटला," बॅरिस्टर म्हणाला. "बाबा, तुम्ही शब्द दिला होता. कागदानं बोट ठेवलं तर. ठेवलंय बोट, राखाडी का होईना. आत्तापासून भट्टी विझवायची. मी उद्याच विजेच्या भट्टीचं बघतो."

दादांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. त्यांचे हात मनगटापर्यंत बिनकेसांचे होते, चाळीस वर्षांच्या आचेनं जळालेले. "दिलाय शब्द," ते म्हणाले. "विझवतो."

त्यांचा आवाज ऐकून आत्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. भट्टी विझली म्हणजे दडपायला काही उरलं नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या भट्टीला राखण लागत नाही. वाटणीच्या वेळी दादा सगळ्यांसमोर म्हणाले होते, ही कुठं जाईल, विस्तव हिच्या हातचा आहे, ही इथंच राहील. त्या एका वाक्यावर ती या घरात ताठ मानेनं राहिली होती. गल्ल्यावर उद्या कोणीही बसेल. आणि नानांचा विस्तव आपल्या छातीपायी विझला, हे ओझं घेऊन माळ्यावर पडून राहायचं? त्यापेक्षा चोर म्हणवून घेणं परवडलं. चोराची तर आता सवय झाली होती.

"थांबा," ती म्हणाली. "मी खाते."

"काय?"

"गोड. रविवारी तुम्ही सगळे बाहेर गेलात की खाली येते आणि खाते. बिस्किटं, केक, असेल ते. उगीच धुराला दोष कशाला? भट्टीचं काही नाही. माझीच जीभ वाईट."

सून तिच्याकडे बघतच राहिली. बॅरिस्टर कधी नव्हे तो गप्प झाला. दादांनी डोळे मिटून घेतले, आणि आत्याला दिसलं की त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती आणि त्या लाजेहून जास्त सुटका होती. तिला ते लागलं. पण तिनं मान खाली घातली आणि पुढची पिशवी घेतली.

"कुठून काढता?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"केक. कुठून काढून खाता?"

"कपाटातून. शनिवारचा माल असतो तिथून."

"आणि कपाट उघडता कसं?"

"कसं म्हणजे? दार ओढते. उघडंच तर असतं."

वहिनींनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. सगळे कप हिंदकळले. कमरेला खोचलेली किल्ली काढून त्यांनी ती फुंकणीजवळ ठेवली. वहिनींचा चेहरा कधी नव्हे इतका उतरला होता.

"कुलूप असतं," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले. शनिवारी संध्याकाळी लावते, सोमवारी पहाटे काढते. किल्ली माझ्याकडे. यांनासुद्धा सांगितलं नाही मी."

आत्यानं किल्लीकडे पाहिलं. तिला कुलपाचा पत्ताच नव्हता. असणार कसा? तीन महिन्यांत ती त्या कपाटाकडे फिरकलीच नव्हती.

"मला वाटायचं," वहिनी खाली बघत म्हणाल्या, "की कुलूप लावूनही साखर चढते म्हणजे तुम्ही दुसरीकडे कुठे लपवून ठेवता. मी तुमची गादी उलटी करून बघितलीय, वन्सं. दोनदा. काही सापडलं नाही तेव्हा मला वाटलं, काय पक्की बाई आहे." त्यांनी किल्ली बोटानं दूर सारली. "मला त्या कुलपाची लाज वाटायला हवी होती. ते सासूबाईंचंच कुलूप आहे. नानांसाठी लावायच्या तेच. मी नवीन आणलंसुद्धा नाही."

आत्याला खूप राग यायला हवा होता आणि आलाही. आपल्या गादीत हात घालणाऱ्या या बाईला काहीतरी लागेलसं बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण ते जुनं पितळी कुलूप तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि शब्द मागेच राहिले.

नाना शेवटची नऊ वर्षं माळ्यावरच्या त्याच खोलीत झोपायचे. तेही रविवारी भट्टी दडपून वर जायचे, खिडकी उघडून पडायचे. त्यांनाही साखर होती. आईनं कपाटाला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली सांभाळायला पंधरा वर्षांच्या मुलीकडे दिली होती, कारण नाना तिच्याकडे मागणार नाहीत असं आईला वाटायचं. ती मुलगी म्हणजे आत्याच. तिनं ती किल्ली मोठ्या दिमाखात गळ्यात बांधली होती.

"काय बोलायचं ते बोला मला," वहिनी म्हणाल्या. "पण खोटं कबूल करू नका. तुमच्या वतीनं मी मनातल्या मनात ते चार महिन्यांपूर्वीच कबूल करून टाकलंय."

"भट्टी विझायला नको म्हणून बोलले," आत्या म्हणाली.

"आत्या," सून हळूच म्हणाली, "भट्टी विझवायची की धुराडं उंच करायचं ते नंतर ठरवू. आधी तुमच्या छातीची तपासणी. बाबांचीही, नव्या कागदावर. नाव घालून."

"आणि विजेची भट्टी?" बॅरिस्टर म्हणाला.

"तू गप रे," त्याची आई म्हणाली. सुनेची बाजू घेऊन मुलाला गप्प करायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांच्या लक्षात ते आलं नसावं. त्यांनी निवालेला चहा सगळ्यांत आधी सुनेपुढे सरकवला.

मग पुष्कळ बोलणं झालं आणि काहीच ठरलं नाही. धुराडं उंच केलं तर पलीकडच्या घरात धूर जाईल. विजेच्या भट्टीत पावाला तो वास येणार नाही. वास म्हणजेच धूर ना, मग तो हवा कशाला. दादा म्हणाले, मला आता खोकावं की नाही तेही कळेनासं झालंय. पाच वाजता आत्या उठली.

ती मागच्या बाजूला भट्टीपाशी गेली. लोखंडी दार उघडलं. आत राखेखाली भुसा धुमसत होता आणि पातळ निळसर धूर वर जायची वाट न सापडल्यासारखा घुटमळत होता. इतक्या वर्षांत तिनं तो असा कधी पाहिलाच नव्हता. पाहायचा असतो तो विस्तव, धुराकडे कोण बघतं? तिनं लांब दांड्याचं फावडं घेतलं आणि ओला भुसा सगळा पुढे ओढून बादलीत भरला. मग झडपेची साखळी धरून खाली खेचली. झडप पार उघडली. वारा सुटला, निखारे लालबुंद झाले आणि स्वच्छ, बिनधुराचे जळायला लागले.

"अशानं पहाटेपर्यंत संपतील ते," मागून दादा म्हणाले. ते कधी आले ते तिला कळलं नव्हतं.

"संपू देत. नाहीतर लाकूड घाल. तुला काय वाटेल ते कर दादा, पण मी आता दडपणार नाही."

दादांनी लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. लाकूड घेतलं नाही. पालथ्या घातलेल्या एका खोक्यावर ते बसले, दुसरं पायानं तिच्याकडे सरकवलं. दोघं भावंडं भट्टीच्या तोंडापुढे बसून राहिली, लहानपणी बसायची तशी. आत कुठेतरी एक वीट टचकन वाजली.

"तुझी गादी वहिनीनं खाली आणलीय," दादा म्हणाले. "आमच्या खोलीत. आणि मला हाकललंय दुकानात."

"घोरशील तिथं. गिऱ्हाईक पळेल."

ते थोडे हसले, हसताना खोकले, आणि खोकला थांबल्यावर विस्तवाकडे वळले.

"नाना खायचे का गं खरंच?"

आत्यानं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

"आई तर सांगायची, चोरून खातात. मरेपर्यंत ते नाही म्हणत राहिले. मला वाटायचं, म्हातारपण, जीभ सुटलीय." दादा तिच्याकडे वळले. "किल्ली तुझ्याकडे होती. आणि तू हात हुंगायचीस त्यांचे, दर सोमवारी सकाळी. ते पुढे करायचे दोन्ही हात, मुकाट्यानं. मला आठवतंय."

"हुंगायची."

"मग? यायचा का गोडाचा वास?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. निखाऱ्यांचा उजेड डोळ्यांना सहन होत नव्हता.

"धुराचा यायचा," ती म्हणाली.